‘४५/३’ सापडत नाही : ऊस नोंदणी सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, २४ ऑगस्ट २०२४

संध्याकाळी सहापासून साखर कारखान्याच्या संगणक विभागात. सोबत मावसभाऊ. लातूरहून येताना पावसानं दोनदा गाठलं, बॅगेतला लॅपटॉप मात्र कोरडा राहिला.

काम एकच. ऊस नोंदणीचा सर्व्हर सेंटओएस ७ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमवरून अल्मालिनक्स ८ या नव्या सिस्टमवर न्यायचा. सेंटओएस ७ ची मुदत ३० जूनला संपली, आणि तेव्हापासून लेखापरीक्षणाच्या प्रत्येक शेऱ्यात हा सर्व्हर आहे. नव्या मशीनचा प्रस्ताव वर गेला तसाच खाली आला. म्हणून आहे त्याच मशीनवर एलिव्हेट हे अपग्रेडचं साधन वापरून जागच्या जागी अपग्रेड.

पावणेआठला शेवटच्या चिटबॉयचा (गावोगावी उसाच्या नोंदी घेणारा कारखान्याचा माणूस) डेटा चढला, मग डेटाबेस बंद केला आणि डेटा फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. जुन्या रेपॉझिटरींचे (पॅकेज मिळण्याच्या ठिकाणांचे) पत्ते बंद पडलेत, ते आधी बदलावे लागले. एलिव्हेटची पूर्वतपासणी एका पाम मॉड्यूलवर (लॉगिन तपासणारा भाग) अडून बसली. उत्तराच्या फाइलीत ‘हो, काढून टाक’ असं लिहिल्यावर पुढं सरकली. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस १२. त्याचं पॅकेज अल्मालिनक्स ८ साठीचं वेगळं घ्यावं लागतं, आणि त्याआधी अल्मालिनक्सचं स्वतःचं पोस्टग्रेस मॉड्यूल बंद करावं लागतं. नाहीतर ते मध्ये येतं. यात तासभर गेला.

रात्री सव्वाएकला डेटाबेस सुरू झाला. डेटा फोल्डर जिथं होतं तिथंच, त्याला हातही लावला नाही. लेखा विभागाच्या इमारतीतला दुय्यम सर्व्हर (रिप्लिका) लगेच जोडला गेला. तो अजून सेंटओएस ७ वरच आहे. त्याची पाळी गणपतीनंतर.

पाच-सहा स्क्रीन उघडून बघितल्या. सगळं ठीक.

सोमवार, २६ ऑगस्ट

गोकुळाष्टमी. फोन नाही. वहीत लिहून ठेवतो : अपग्रेड यशस्वी.

गुरुवार, २९ ऑगस्ट

शेतकी विभागातून पहिला फोन, अकराच्या सुमारास. चिटबॉयचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो : “सर, यादीत दिसायलंय, पण तोडीच्या स्क्रीनला सापडना झालंय.”

म्हटलं, नंबर सांगा. गट नंबर ४५/३. लागण गेल्या वर्षीची, जुलै २०२३ ची, आडसाली, ८० आर. हंगाम २०२४-२५ च्या तोडणी कार्यक्रमात हा प्लॉट अगदी वरच्या पाळीत असायला हवा. त्या गावची यादी उघडली तर नोंद दिसते. तोडणी कार्यक्रमाच्या स्क्रीनवर गाव निवडून ४५/३ टाकला की ‘नोंद उपलब्ध नाही’.

दुपारी लेखा विभागाला विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, “आमच्याकडं तर येतंय की. आत्ता काढलं मी.” मी मनात म्हटलं, यांनी दुसरा नंबर टाकला असेल. (हे वाक्य मुद्दाम ठेवतोय. याच वाक्यापायी पाच दिवस वाया गेले.)

शुक्रवार, ३० ऑगस्ट

आज आणखी सात तक्रारी. चार वेगवेगळी गावं. सगळ्यांत एक गोष्ट सारखी : गट नंबरात तिरपी रेघ आहे. ४५, ४६, ३१२ असे साधे नंबर बिनतक्रार सापडतात. ४५/३, ११८/२ असे अडतात. पण सगळे रेघवाले अडतात असंही नाही, १२/१ लगेच आला. एका गावात एकही तक्रार नाही.

माझा पहिला संशय टायपिंगवर. आमच्याकडं हे नेहमीचं आहे : कुणी देवनागरी आकडे टाकतो, कुणी इंग्रजी, कुणी नंबरामागं स्पेस सोडतो, कुणाच्या मोबाइलचा कीबोर्ड मध्येच एखादं अदृश्य अक्षर घालतो. म्हणून नोंदीतले बाइट उघडे करून बघितले. ३४ ३५ २एफ ३३. म्हणजे चार, पाच, तिरपी रेघ, तीन. शोधताना स्क्रीनवरून जे येतं तेही ३४ ३५ २एफ ३३. बाइटला बाइट जुळतो आणि तरी डेटाबेस म्हणतो, नाही.

रात्री ॲपचा कोड पुन्हा पुन्हा वाचला. त्यात जूनपासून काही बदललेलं नाही. झोप नाही.

सोमवार, २ सप्टेंबर

पोळा. काल-आज पाऊस उघडलाच नाही, सकाळपासून वीज ये-जा करतेय. बैल न्हाऊ घालून, शिंगं रंगवून लोक दावणीत उभे आहेत आणि वरून धार लागलेली.

अशात एक मामा भिजत कारखान्यावर आले, छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत नोंदीची पावती. “पावती हाय माझ्याकडं. आन तुमचं कंप्युटर म्हणतंय नोंदच न्हाई. दुष्काळात टँकरनं पाणी घालून जगविलाय ऊस.” पावतीवर आमच्याच प्रिंटरचा, आमच्याच सॉफ्टवेअरचा शिक्का. मी त्यांना चहा दिला. दुसरं देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

ते गेल्यावर थेट डेटाबेसवर बसलो. ॲप बाजूला. दोन क्वेरी लिहिल्या. पहिली ‘बरोबर ४५/३’ मागणारी : शून्य ओळी. दुसरी ‘४५/३ ने सुरू होणारं काहीही’ मागणारी : एक ओळ, आणि तीच आपली नोंद. ‘बरोबर’ मागितलं की नाही, ‘जवळपास’ मागितलं की आहे! मावसभाऊ म्हणाला, “याला भूत लागलंय.” वीज गेली.

मंगळवार, ३ सप्टेंबर

सापडलं. क्रमानं लिहितो, कारण हे पुन्हा कुणाला तरी लागणार आहे.

सकाळी दोन्ही क्वेरींचा एक्सप्लेन (डेटाबेस उत्तर कोणत्या मार्गानं शोधतो ते) काढला. ‘बरोबर’वाली क्वेरी इंडेक्समधून, म्हणजे क्रमानं लावलेल्या सूचीतून, जाते. ‘सुरू होणारं’वाली सबंध तक्ता वाचत जाते, कारण आमच्या लोकेलमध्ये (भाषेप्रमाणं क्रम ठरवणारी सेटिंग) साधा इंडेक्स तिच्या कामाचा नसतो. यादीची स्क्रीन दुसऱ्या प्रकारची क्वेरी वापरते, तोडणीची पहिल्या प्रकारची. म्हणजे चिटबॉय पहिल्या दिवशी म्हणाला ते शब्दशः खरं होतं. मग माझ्या सेशनपुरता इंडेक्स स्कॅन, बिटमॅप स्कॅन आणि फक्त-इंडेक्स स्कॅन असे तिन्ही बंद केले आणि ‘बरोबर ४५/३’ मागितला. आला. डेटा जागेवर आहे, इंडेक्स खोटं बोलतोय.

इंडेक्सची फाइल डिस्कवर खराब झाली असेल असं आधी वाटलं. वीज, यूपीएस, जुनी डिस्क, आमच्या भागात कारणांना तोटा नाही. मग लेखा विभागातल्या बाई आठवल्या. त्या दुय्यम सर्व्हरवरून बघतात. तिथं जाऊन तीच क्वेरी, तसाच इंडेक्समधून जाणारा मार्ग. ४५/३ लगेच सापडला.

दुय्यम सर्व्हर म्हणजे मुख्य सर्व्हरची हुबेहूब नक्कल, इंडेक्सची पानंसुद्धा तीच. एकच पान दोन मशीन वाचतात, एकाला नोंद दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. म्हणजे बदल पानात नाही, वाचणाऱ्यात आहे. आणि दोघांत फरक एकच : हा सेंटओएस ७, तो अल्मालिनक्स ८.

त्यानंतर डेटाबेस सोडून दिला. दोन्ही मशीनवर साध्या सॉर्ट कमांडला तीन ओळी दिल्या : ४५/३, ४५०, ४५३. दोन्हीकडं लोकेल अमेरिकन इंग्रजीचं, बसवताना जे आलं ते तसंच राहिलेलं.

जुनं मशीन म्हणालं : ४५०, ४५३, ४५/३.
नवं मशीन म्हणालं : ४५/३, ४५०, ४५३.

दोन मिनिटं नुसतं बघत राहिलो.

खुलासा असा. पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम स्वतः ठरवत नाही, तो ऑपरेटिंग सिस्टमच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारतो. सेंटओएस ७ मध्ये तिची आवृत्ती २.१७, अल्मालिनक्स ८ मध्ये २.२८. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या या २.२८ नं क्रम लावण्याचे तक्ते आयएसओ १४६५१ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणं बदलले. आधी तिरपी रेघ, आडवी रेघ, स्पेस यांना पहिल्या तुलनेत मोजतच नव्हते. ४५/३ म्हणजे आधी ४५३ असंच वाचायचं, आणि बरोबरी झाली तरच रेघेकडं बघायचं. त्यामुळं ४५/३ हा ४५३ च्या पाठीला बसायचा, ४५४ च्या आधी. आता रेघ हे पूर्ण वजनाचं चिन्ह झालं आणि ते आकड्यांच्या आधी येतं. ४५/३ चं घर ४५ च्या शेजारी गेलं.

आमचा इंडेक्स जुन्या क्रमानं रचलेला. नवं मशीन नव्या क्रमानं शोधतं. गावातल्या माणसाला पत्ता विचारावा आणि त्यानं जुन्या गल्लीऐवजी वाढीव वस्तीत पाठवावं, तसं. तिथं जाऊन बघतं तर दार नाही, म्हणून परत येऊन सांगतं की असा माणूसच नाही. १२/१ सापडत होता तो नशिबानं : त्या गावात १२१ च्या पुढं-मागं फारशा नोंदीच नव्हत्या, जुनं घर आणि नवं घर एकच पडलं. ज्या गावात तक्रार नव्हती तिथं गटांचे पोटहिस्सेच पडलेले नाहीत.

पोस्टग्रेसनं एका शब्दानं इशारा दिला नाही, याचा राग आहे. पण १२ मध्ये तशी सोयच नाही. जीलिबसीच्या क्रमाची आवृत्ती टिपून ठेवायला १३ पासून सुरुवात झाली, आणि सगळ्या डेटाबेससाठी ‘आवृत्ती जुळत नाही’ ही सूचना १५ पासून.

बुधवार, ४ सप्टेंबर

रात्री मावसभावानं सुचवलं : २४ तारखेची प्रत आहे, मागं जाऊ. नाही जमत. मधल्या अकरा दिवसांतल्या नोंदी नवं मशीन असताना चढल्यात. त्या इंडेक्समध्ये नव्या क्रमाच्या जागी बसल्या, जुन्या नोंदी जुन्या जागी. त्याच इंडेक्सवर जुनी सिस्टम परत आणली तर आता या नव्या नोंदी हरवतील. एका पिशवीत दोन शिंप्यांची मापं झालीत.

आधी पूर्ण प्रत घेतली. मग ॲमचेक हे एक्स्टेन्शन घालून एकेक इंडेक्स तपासला. हे काम चालू डेटाबेसवर करता येतं, लिहिणाऱ्यांना अडवत नाही. एकूण १४७ इंडेक्स. आकडे आणि तारखांवरचे सगळे साबूत, त्यांचा क्रम कुठलीच लायब्ररी बदलत नाही. टेक्स्टवरचे ३८, त्यांतले ११ ‘क्रम मोडलेला आहे’ म्हणून अडकले.

कोणते अडकले आणि कोणते नाहीत हे बघण्यासारखं आहे. सभासद कोडाचा इंडेक्स साबूत. तो ए-१०४३ असा असतो, मध्ये आडवी रेघ, तरी साबूत. कारण ती रेघ प्रत्येक कोडात त्याच जागी आहे, मोजली काय नि न मोजली काय, क्रम तोच. उसाच्या जातींचा मात्र बिघडला. को-८६०३२, को ८६०३२ आणि को८६०३२ अशी तीन बारशी एकाच जातीची झालीत. ही शिस्त लावायची म्हणून २०२१ पासून वहीत लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

दुपारी आणखी वाईट निघालं. तोडणी कार्यक्रमाचा गावनिहाय अहवाल आणि नोंदणीचा गावनिहाय अहवाल यांची बेरीज जुळेना. तोडणीचा अहवाल दोन तक्ते गट नंबरावर जोडतो, आणि पोस्टग्रेस तिथं मर्ज जॉइन करत होता : दोन्ही बाजू क्रमानं लावलेल्या आहेत असं धरून शेजारी-शेजारी चालत जायचं. एक बाजू इंडेक्समधून जुन्या क्रमानं येणारी, दुसरी आत्ता नव्या क्रमानं लावलेली. जिथं पावलं चुकतात तिथल्या नोंदी गळतात. मर्ज जॉइन बंद करून तोच अहवाल काढला तर तीन गावांचं क्षेत्र वाढलं. ‘सापडत नाही’ असं म्हणणारी स्क्रीन निदान तोंडावर तरी सांगते. हा अहवाल खाली सही-शिक्क्याची जागा सोडून, शिस्तीत, कमी क्षेत्र छापत होता.

शेतकी अधिकाऱ्यांना फोन करून सांगितलं : २५ ऑगस्टनंतर छापलेला एकही तोडणी कार्यक्रम गट कार्यालयांना पाठवू नका. त्यांनी विचारलं, “आणि पाठवलेले?” दोन गेले होते.

गुरुवार, ५ सप्टेंबर

पहाटे चारला रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधणं. ११ पैकी १० झाले. साधे इंडेक्स चालू कामात बांधता येतात, १२ पासून तशी सोय आहे, पण पहाटे कुणीच नसतं म्हणून सरळ मार्गानं केलं, लवकर होतं.

अकरावा अडला, आणि तोच मुख्य. नोंदणी तक्त्यावरचा युनिक इंडेक्स (तीच नोंद दोनदा येऊ न देणारा) : हंगाम, गाव, गट, खातेदार. एरर असा की या किमती एकापेक्षा जास्त वेळा आल्यात, युनिक बांधता येत नाही.

कळायला दोन सेकंद लागले, मग पोटात खड्डा पडला. चिटबॉयला नोंद सापडली नाही, तेव्हा त्यानं काय केलं असेल? नवी केली. ॲपनं आधी ‘अशी नोंद आहे का’ विचारलं, इंडेक्स म्हणाला नाही. मग घालताना युनिकची तपासणी झाली, तीही त्याच इंडेक्सनं, त्याच चुकीच्या गल्लीत. तिथंही कुणी भेटलं नाही. कुलूप होतं, पण चौकट दुसऱ्या भिंतीत गेलेली.

जोड्या शोधण्याची क्वेरी इंडेक्स बंद करूनच चालवली, नाहीतर तीही त्याच्याच तोंडाकडं बघणार. ६३ जोड्या.

तात्पुरतं असं केलं : युनिक इंडेक्स काढला, त्याच कॉलमांवर साधा बांधला. शोध लगेच बरोबर चालायला लागला. सकाळी नऊला चिटबॉयला फोन केला, ४५/३ सापडतो का बघा. “सापडला की सर. दोन सापडले.”

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आणि आज लेखा विभागातल्या बाईंचा फोन. “काल सकाळपर्यंत येत होतं. आज आमच्याकडं सापडना झालंय.”

अर्थातच. मुख्य सर्व्हरवर नव्या क्रमानं बांधलेले इंडेक्स दुय्यमवर जसेच्या तसे गेले, आणि दुय्यम अजून सेंटओएस ७ वर, जुन्या क्रमानं शोधणारा. दुखणं बरं केलं ते शेजारच्या घरात गेलं. एका रिप्लिकेशनच्या दोन टोकांना दोन वयाच्या जीलिबसी ठेवायच्याच नसतात. दोन्ही मशीन एकाच रात्री घेतली असती तर हा घोळ निम्मा झाला असता. (आणि बाईंच्या पहिल्या फोनकडं नीट लक्ष दिलं असतं, तर सगळा घोळ २९ तारखेलाच संपला असता. त्यांना आज हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी सांगितलंच होतं.” सांगितलं होतं.)

लेखा विभागाचे अहवाल तूर्त मुख्य सर्व्हरवर वळवले. दुय्यमचं अपग्रेड आज रात्रीच, उद्या गणपती बसायच्या आत.

शनिवार, ७ सप्टेंबर

पहाटे तीनला दुय्यम अल्मालिनक्स ८ वर. दोन्हीकडं सॉर्टचं उत्तर एक. घरी जाऊन गणपती बसवला, आरतीला उभा असताना डुलकी लागली.

सोमवार, ९ ते शुक्रवार, १३ सप्टेंबर

पाच दिवस ६३ जोड्या. याला तांत्रिक काम म्हणता येणार नाही, आणि सगळ्यात अवघड हेच होतं.

दोन नोंदींतली कोणती ठेवायची हे क्वेरीनं ठरवलं तर पाच मिनिटांचं काम : जुनी ठेव, नवी पुस. पण नोंदीत लागणीची तारीख आहे आणि तिच्यावर तोड ठरते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असे उसाचे प्रकार, आणि कुणाचा ऊस आधी तुटणार आणि कुणाचा उन्हात वाळत उभा राहणार, ते या एका रकान्यावर. त्यामुळं शेतकी विभागाचे साहेब, मी आणि त्या-त्या गावचा चिटबॉय असे तिघं बसलो. समोर छापील यादी, प्रत्येक ओळीपुढं सहीची जागा.

४१ जोड्यांत दुसऱ्या नोंदीची लागण तारीख ऑगस्टच्या शेवटच्या किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. नोंद करतानाची तीच तारीख. चूक माझी : नव्या नोंदीच्या फॉर्मवर लागणीच्या रकान्यात आजची तारीख आपोआप भरलेली येते. २०१९ मध्ये कुणीतरी ‘तेवढं टायपिंग वाचेल’ म्हणालं आणि मी करून दिलं. पोळ्याला भिजत आलेल्या मामांची दुसरी नोंद यातलीच. तीच राहिली असती तर चौदा महिने उभा असलेला ऊस कागदावर तीन दिवसांचा ठरला असता. या ४१ सरळ पुसल्या. पुसण्याआधी त्यांना लटकलेल्या तपासणीच्या ओळी मूळ नोंदीच्या आयडीकडं वळवल्या. आयडी आकड्यात आहे, त्याचा इंडेक्स शाबूत, त्यामुळं हे बिनधोक.

१७ जोड्यांत चिटबॉयनं शेतकऱ्याची पावती बघून जुनीच तारीख टाकली होती. दोन्ही नोंदी तंतोतंत एक. या चिटबॉयांचं साहेबांनी तिथल्या तिथं कौतुक केलं.

उरल्या पाच. तिघांत क्षेत्राचा फरक, एकानं एकरात लिहिलेलं दुसऱ्यानं आरमध्ये. बांधावर जाऊन मोजून आले.

शेवटच्या दोन सुटेनात. त्यांतली एक ४५/३. पहिली नोंद जुलै २०२३, आडसाली, ८० आर. दुसरी फेब्रुवारी २०२४, सुरू, ४० आर, चढवलेली २ सप्टेंबरला. मी म्हटलं, ही तारीख कुठून आणली? चिटबॉयनं शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली. पेन्सिलीनं लिहिलेली ओळ दाखवली : ४५/३, दुसरा तुकडा, ४० आर, सुरू. “फेब्रुवारीत भरायला गेलो तर तुमचं ॲप म्हणालं, या गटाची नोंद आधीच आहे. म्हणून वहीत ठेवली. पोळ्यादिवशी सहज बघितलं तर घेतलं त्यानं.”

म्हणजे ही जोडी नाहीच. एकाच गटात एकाच माणसाचे खरोखरचे दोन प्लॉट. एक ओळ नशिबानं आत आली, कारण तिला चुकून अडवणारं कुलूप नेमकं बिघडलं होतं. आमच्या युनिकच्या व्याख्येत प्लॉट हा शब्दच नाही. साहेबांनी विचारलं, अशा किती वह्या असतील? फिरून गोळा करायला सांगितलंय.

मंगळवार, १७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि यंदा अनंत चतुर्दशीही आजच. सकाळी झेंडावंदन झालं, दुपारी कार्यालयं रिकामी, मिरवणुकीची हलगी लांबून ऐकू येत होती. एवढी निवांत वेळ परत मिळणार नाही.

केलेली कामं. तक्त्यात प्लॉट क्रमांक वाढवला, जुन्या सगळ्या नोंदींना १, ४५/३ सारख्या खरोखरच्या दुसऱ्या तुकड्याला २. युनिक इंडेक्स नवा : हंगाम, गाव, गट, खातेदार, प्लॉट. तक्रार न करता बांधला गेला.

गट नंबर, उसाची जात, वाहन क्रमांक, पावती क्रमांक अशा सगळ्या कोडवजा कॉलमांचं कोलेशन (क्रम लावण्याचा नियम) ‘सी’ केलं. ‘सी’ म्हणजे नुसता बाइटांचा क्रम. तो कुठल्याच जीलिबसीला विचारत नाही, त्यामुळं पुढच्या अपग्रेडला हे कॉलम निर्धास्त. गट नंबराला भाषेचा क्रम लागतोच कशाला? ४५/१० हा ४५/२ च्या आधी येतो ते आधीही यायचा, दोन्ही क्रमांत येतो. छापताना मी तुकडे पाडून नीट लावतोच.

नावांच्या कॉलमांना मात्र ‘सी’ लावलं नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. सर्वसाधारण सभा ३० तारखेच्या आत आहे. सभासद यादीत माणसाला स्वतःचं नाव रोजच्या जागी दिसलं नाही तर सभेचा अर्धा तास त्यातच जातो. नावांचे इंडेक्स नव्यानं बांधून ठेवलेत. पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्तीवर गेलो की आयसीयू या क्रम लावणाऱ्या वेगळ्या लायब्ररीचा विचार करू. १५ पासून सबंध डेटाबेसला ते देता येतं. १२ चं आयुष्य तसंही या नोव्हेंबरातच संपतंय.

फॉर्मवरची आपोआप येणारी तारीख काढली. रकाना आता रिकामा येतो.

शनिवार, २१ सप्टेंबर

बॅकअप परत उभा करून बघायची चाचणी, लातूरच्या कार्यालयातल्या मशीनवर. कालचा डंप (डेटाबेसमधून काढलेली प्रत) विनातक्रार उभा राहिला. सहज म्हणून ३ सप्टेंबरचा घेतला. डेटा सगळा आला, युनिकवर येऊन अडला. डंप तक्ता सरळ वाचतो, इंडेक्सला विचारत नाही, त्यामुळं त्यात दोन्ही ४५/३ प्रामाणिकपणे आले होते. रोज रात्री ‘बॅकअप यशस्वी’ असा मेसेज येत होता आणि मी तो वाचून झोपत होतो. आता दर शनिवारी एक डंप उभा करून बघायचा, मावसभावाकडं दिलं.

अपग्रेडच्या आमच्या कागदावर आज वाढवलेल्या ओळी : आधी आणि नंतर सॉर्टची तीन ओळींची चाचणी. क्रम बदललेला दिसला तर लोकांना आत सोडण्याआधी टेक्स्टवरचे सगळे इंडेक्स नवे. मुख्य आणि दुय्यम एकाच रात्री. डंप घेऊन नव्यानं उभा करायला वेळ असेल तर तेच करायचं, इंडेक्स आपोआप नवे होतात. डेटा फोल्डर जसंच्या तसं उचलायचा मोह टाळायचा.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

वह्या जमा झाल्या. एकूण ३४ प्लॉट असे निघाले, फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲपनं नाकारलेले. काही चिटबॉयांनी ४५/३अ असा मनानं गट पाडून भरले होते, सातबाऱ्यावर तसा गटच नाही. दोन दिवसांत सगळे प्लॉट २ म्हणून घेतले. सभासद यादी छापून गेली.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी बॉयलर अग्निप्रदीपन. आपट्याची पानं, पेढे, चिमणीतून पहिला धूर. गाळपाला अजून वेळ आहे, पण काट्यावरची स्क्रीन आज तपासून द्यायची होती. काट्याच्या खोलीत शेतकी अधिकारी, काटा कारकून आणि तो चिटबॉय.

गाव निवडलं, ४५/३ टाकला. दोन ओळी आल्या. प्लॉट १, ८० आर, आडसाली. प्लॉट २, ४० आर, सुरू. चिटबॉयनं खिशातली वही काढली, कारकुनाकडून पेन मागून घेतला आणि पेन्सिलीच्या ओळीवर शाई फिरवली.